कोंडवाड्यातली सुगी

परवा नातसुनेनं फ्रीजमधून एक पाकीट काढलं, कात्रीनं कापलं आणि बशीत ओतून माझ्यापुढं ठेवलं. "आजी, हुरडा! आता मॉलमध्ये मिळतो." दाणे हिरवे होते खरे, पण गारढोण, आणि धुराचा वास म्हणाल तर औषधालाही नाही. पोरगी इतक्या कौतुकानं बघत होती, की मी "झकास आहे" म्हणून मोकळी झाले. म्हातारपणी खोटं बोलायचे प्रसंग फार येतात, आणि त्यातले निम्मे खाण्याच्या बशीसमोर येतात.

तरी त्या गार दाण्यांनी आपलं काम केलं. बशी घेऊन मी गॅलरीत जाऊन बसले. सहाव्या मजल्याच्या या गॅलरीखाली एके काळी आमचंच रान होतं. पवना नदीकडून येणारं गार वारं, भिजलेल्या काळ्या मातीचा वास, उभ्या शाळूची सळसळ. पौष लागला की बांधावर आगटी पेटायची. कणीस गोवऱ्यांच्या विस्तवातून काढायचं आणि तळहातावर चोळायचं. हात भाजला तरी फुंकर घालायला सवड नसायची, कारण पलीकडचा दाणे पळवायचा. लसणाची चटणी, गुळाचा खडा आणि वर ताक. आमच्या रावेत गावात सोनं पिकत नव्हतं, पण सुगीत आम्हाला कुणाचा हेवाही वाटत नव्हता.

ज्या सुगीची आठवण येते आहे तिचं साल मला नेमकं सांगता येणार नाही. माझा थोरला दत्ता तेव्हा रांगत होता आणि पिंपरीला कारखान्यांची बांधकामं निघाली होती, एवढं पक्कं. गावातला जो उठेल तो रोजानं पिंपरीला जायला लागला होता. गावच्या कोंडवाड्याचा राखणदारसुद्धा गेला. मोकाट गुरं कोंडून ठेवायची जागा ओस पडली आणि गुरांना सगळं गाव मोकळं झालं. त्या साली आमच्या परसातली मेथी आम्हाला एकदाही मिळाली नाही.

कारखान्यांना खडी लागायची, ती आमच्या शिवेवरच्या खाणीतून जायची. खाणीवर बीडकडची माणसं आली होती. तिकडं पाऊस सलग रुसला होता. गडी सुरुंगाची भोकं पाडायचे आणि बाया दिवसभर हातोडीनं खडी फोडायच्या. तो टकटक आवाज घरात चुलीपाशी बसलं तरी ऐकू यायचा. आवाज ऐकू यायचा तो फक्त दगडांचा. एवढी माणसं, एवढी तान्ही लेकरं, पण रडण्याचा आवाज कधी नाही. याचं नवल पहिल्यांदा आमच्या आत्याबाईंना वाटलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र असा, की नदीपलीकडच्या माणसानं वळून बघावं. एकादशीच्या बायकांच्या भजनाच्या त्या म्होरक्या. टाळ गोदूमावशींच्या हातात, ताल कुणाच्याच हातात नाही, आणि शेवटी चहावरून भांडण, असं ते भजन. एका एकादशीला आत्याबाई अर्ध्या अभंगात थांबल्या. "गोदे, खाणीवरची लेकरं रडत का न्हाईत गं?"

गोदूमावशी जाऊन बघून आल्या. झाडाच्या सावलीत, लुगड्याच्या चिंध्यांनी बुंध्याला बांधलेली लेकरं पडलेली. झोपलेली म्हणावीत तर डोळे अर्धे उघडे. आयांनी कामावर बसण्याआधी त्यांना बाळगोळी चाटवलेली असायची. तिच्यात अफू असते, हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याही गावात रडव्या पोराला सणासुदीला चाटवायचे. पण तिथं ती रोज सकाळी, भाकरीसारखी. आई दगड फोडत असताना मूल रांगत खाणीच्या कडेला गेलं तर काय, या एका भीतीपोटी.

मग आमच्या भजनाचं जे झालं त्याला आजकाल संस्था म्हणतात. आम्ही त्याला काहीच म्हणत नव्हतो. ओस पडलेला कोंडवाडा झाडला, शेणानं सारवला, आढ्याला धोतराच्या झोळ्या टांगल्या. रोज एकेका घराची पाळी लागली. जिची पाळी तिनं ज्वारीच्या कण्या शिजवून आणायच्या आणि दिवसभर लेकरं राखायची. अंगावर पाजणारी म्हणून मी रोजचीच. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी मनात म्हणायची, पण मोठ्यानं म्हणायची छाती नव्हती. गावातले गडी पारावरून ओरडायचे, "काय राव, आत्याबाईनं मानसांची वासरं कोंडली!" आत्याबाई उलट ओरडायच्या, "तुमाला बी कोंडते, जागा शिल्लक हाय!"

पहिल्यांदा आली ती गया. विशीची असेल, उंच, रापलेली, बोलणं कमी. तिची तानी जेमतेम वर्ष-दीड वर्षाची होती, म्हणजे आमच्या दत्तापेक्षा थोडी मोठीच. पण दत्ता पातेली पालथी घालत फिरायचा, आणि तानीला बसवलं की ती बसवल्या जागी बसायची. गया तिला सोडून जाताना दारात थांबायची. "गोळी न्हाई दिली आज. रडली तर आनून द्या माय." तानी थोडी थोडी रडायला लागली होती. कण्या चाटायला लागली होती. एकदा तिनं दत्ताचा कान ओढला, तर मला झालेला आनंद मी आज सांगितला तर दत्ता रागावेल. गयाच्या मागून आणखी चौघी-पाचजणी लेकरं आणून सोडू लागल्या होत्या.

आणि मग आम्ही करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मार्गशीर्षात आमच्या बाजरीची मळणी झाली. आमच्याकडं रीत अशी, की रास तयार झाली की खळ्यावर येणाऱ्याला रिकाम्या हातानं परत लावायचं नाही. सुतार, लोहार, गुरव, गोसावी, वाटसरू, सगळे ओळीनं उभे राहतात आणि घरची लक्ष्मी सुपानं धान्य वाढते. आत्याबाईंच्या मनात आलं, लेकरांच्या आयांना का विसरायचं? त्यांनी खाणीवर निरोप धाडला, "खळ्यावर या." त्यांच्या लेखी हा मोठा मान होता. खळ्यावर बोलावलं म्हणजे गावात घेतलं.

बाया आल्या. अंघोळी करून, धुतलेली लुगडी नेसून, केसांना पाणी लावून. गया पुढं होती. तिच्या हातात कागदाची पुडी होती. आत्याबाईंनी त्यांना बघितलं, आनंदानं "या गं बायांनो" म्हणाल्या, आणि गोसाव्यामागं ओळीत उभं केलं. गयाची पाळी आली तसं शिगोशीग भरलेलं सूप तिच्या पदरात ओतलं.

गया ओळीतून बाजूला झाली. मग राशीजवळ गेली आणि पदर हळूच, एक दाणा इकडंतिकडं जाऊ न देता, राशीवर मोकळा केला.

"माय, आमच्या बी खळ्यावर मानसं उबी ऱ्हायची. आमी वाढलंय. तुमी बलावलंत म्हनून रास पुजाया आलो हुतो."

हातातली पुडी तिनं राशीच्या कडेला ठेवली. त्यात हळदकुंकू होतं.

दुसऱ्या दिवसापासून कोंडवाड्यात एकही लेकरू आलं नाही. आत्याबाई पहिल्यांदा चिडल्या. "एवढा ताठा! पोटाला न्हाई आन्..." असं काहीबाही बोलल्या. मग रात्री त्यांनी ताटातली भाकरी तशीच ठेवली. गोदूमावशींनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "सवाशीन म्हनून बलावली आन् जोगवा वाढलास. चुकलीस तू." आत्याबाईंना "चुकलीस" म्हणणारं माणूस गावात एकच होतं, आणि तेही टाळ वाजवताना चुकायचं. आत्याबाई खाणीवर जाऊन आल्या, हात जोडून आल्या. गया म्हणाली, राग न्हाई माय. पण लेकरं काही आली नाहीत. राग नसला तरी फुकटाचं घ्यायचं नाही, हे त्या बायांचं ठरलं होतं. खळ्यावर त्यांना कळलं होतं, की आजवर कोंडवाड्यात जे चाललं होतं तेही वाढणंच होतं.

हल्ली आमच्या सोसायटीपलीकडं नवा टॉवर होतो आहे. तिथं पत्र्याच्या खोल्या, परातीत सिमेंट उचलणाऱ्या बाया, सळ्यांना बांधलेल्या झोळ्या. एका संस्थेच्या दोन मुली गाडीत खेळणी घालून तिथं येतात. फार गोड पोरी आहेत. परवा त्यातली एक लिफ्टपाशी मला म्हणाली, "आजी, आम्ही सगळं फुकट देतो, तरी काही बायका मुलांना पाठवतच नाहीत. असं का करतात?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला वर घेऊन आले, चहा पाजला आणि हीच गोष्ट सांगितली. पोरगी चहा थंड होईपर्यंत ऐकत होती.

त्या साली पौषात, आम्ही आगटीभोवती हुरडा खात होतो त्याच दिवसांत, खाणीवरच्या एका झोपडीतलं तान्हं सकाळी उठलंच नाही. थंडीनं की गोळीनं, देव जाणे. आई थंडीनं म्हणाली. एक लहानसं गाठोडं नदीकडं गेलं आणि दुपारपर्यंत हातोड्या परत सुरू झाल्या. मी दत्ताला कडेवर घेऊन खाणीवर गेले. कुणाला न विचारता गेले. तानी झाडाखाली होती. चिंधीनं बांधलेली. तिच्या गालावर माशी बसली होती आणि तानी ती हाकलत नव्हती. दत्तानं तिच्याकडं बघून हात नाचवले. तिनं बघितलंसुद्धा नाही. मी तिथं रडले, ते मला आजही लाजिरवाणं वाटत नाही. गया हातोडी न थांबवता म्हणाली, "मला बी दिसतंय माय. पर ती कडा बी दिसतीया." तिनं हनुवटीनं खाणीकडं दाखवलं. नुसता उभा तुटलेला कातळ आणि खाली पाणी.

घरी येऊन मी आत्याबाईंना फक्त एवढंच सांगितलं, की तानी माशी हाकलत नाही.

माघात शाळू वाळून खडखडीत झाला. आभाळ भरून यायला लागलं, आणि उपटायला माणूस मिळेना. रब्बीची ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. जमीन भेगाळलेली, ज्वारीचं ताट, म्हणजे उभा धांडा, हातात घट्ट धरायचं आणि कंबरेतून ओढायचं. पानांच्या धारेनं तळहात सोलवटतात. गडी पिंपरीला, बायका थकलेल्या, आणि एक अवकाळी सर आली असती तर दाणा काळा पडला असता. मागं असं झालं की गावात सावड करायचे. आज सगळ्यांनी तुझ्या रानात, उद्या सगळ्यांनी माझ्या रानात. मजुरी नाही आणि उपकारही नाहीत. दिवसाला दिवस, अंगमेहनतीला अंगमेहनत. सावडीची फेड चुकवली तर माणूस गावातून उठतो.

आत्याबाई उठल्या आणि खाणीवर गेल्या. मी मागोमाग. या वेळी त्यांच्या हातात काही नव्हतं.

"गया, शाळू उभा हाय. आभाळ बघ. सावडीला येता का?"

गयानं हातोडी थांबवली. "सावड म्हंजी फेड आली."

"आली."

"आमाला हितं रान न्हाई. फेडताल कशात?"

आत्याबाईंनी इकडंतिकडं बघितलं आणि सरळ खडीच्या ढिगाशी बसकण मारली. पदर खोचला, शेजारची हातोडी उचलली. "हे काय. तुमी आमचा शाळू उपटा, आमी तुमची खडी फोडतो." पहिला घाव दगडावर बसला. दुसरा अंगठ्यावर बसला. आत्याबाईंचा तो आवाज, मी म्हटलं ना, नदीपलीकडं गेला.

गया धावली. बांधायला काही सापडेना, तशी तिनं झाडाजवळ जाऊन तानीच्या कंबरेची चिंधी सोडली आणि आत्याबाईंच्या अंगठ्याला गच्च गुंडाळली. सुटलेली तानी जागची हलली नाही. आत्याबाईंनी रक्ताळलेल्या हातानं पुन्हा हातोडी धरली. तेव्हा गया हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा बघत होते. सगळ्या बाया हसायला लागल्या.

"ऱ्हाऊ द्या माय. तुमी खडी फोडाया लागल्या तर कारखाना न्हाई व्हायचा." मग चिंधी सुटलेल्या तानीकडं बघत म्हणाली, "आमी तुमच्या रानात एक दिस, तर तुमी आमच्या लेकरात एक दिस. जमतंय?"

"मोजून फेडीन," आत्याबाई म्हणाल्या.

पुढं काय काय झालं ते भराभर सांगते, कारण त्यात गोष्टीसारखं काही नाही. शाळू संपल्यावर हरभरा आला, हरभऱ्यावर गहू. खाणीच्या बायांना जेव्हा सुट्टी असेल तेव्हा त्या कुणाच्या ना कुणाच्या रानात यायच्या आणि बाकीचे दिवस लेकरं कोंडवाड्यात. हिशेब कधी इकडं चढायचा, कधी तिकडं, आणि त्यावरून भांडणंही झाली. ज्याच्याशी भांडता येतं तो आपल्यातला, असं गोदूमावशी म्हणायच्या. संध्याकाळी दोघी-तिघी बाया मागं थांबून माझ्याकडून पाटीवर आपलं नाव गिरवून घ्यायच्या. मी सातवी झालेली होते, म्हणून मी मास्तरीण. कोंडवाडा कोंडवाडाच राहिला, पुढं त्याची बालवाडी झाली, पाटी लागली, मग पाडलाही. खाण संपल्यावर बीडची माणसं चाकणकडं की आणखी कुठं रस्त्याच्या कामावर गेली. गयाची कधी गाठ पडली नाही. तानी जगली असली तर आजी झाली असेल. जगली असेलच, असं मी धरून चालते. ते धरून चालण्याचा माझा हक्क त्या पहिल्या सावडीच्या दिवसाचा आहे.

तो दिवस. आभाळ करडं, वारा पडलेला. पहाटेच्या दवानं शाळूची पानं ओली. खाणीवरच्या बाया आपापली पात, म्हणजे उपटायची पट्टी, धरून ओळीनं उभ्या, मधून मधून आमच्या बायका. आत्याबाई एका अंगठ्याला चिंधी बांधून पुढं. गया रानात उतरली आणि एका ताटाला हात घालून थोडा वेळ नुसतीच उभी राहिली. कितीतरी दिवसांनी पीक हातात आलं होतं तिच्या. मग जी लागली ती अशी, की तिची पात आमच्या सगळ्यांच्या पुढं.

लेकरं माझ्याकडं कोंडवाड्यात, हाकेच्या अंतरावर. त्या सकाळी गोळी कुणालाच नव्हती. उन्हं वर आली तशी तानी कण्हायला लागली. मग रडायला लागली. आणि मग जे रडणं सुरू झालं, तसं मी जन्मात ऐकलं नव्हतं. अंग ताठ, घामानं भिजलेलं, डोळे गरगरा. कण्या थुंकल्या, मी पदराखाली घेतलं तर चावली. तिला बघून दत्ताही रडला, मग सगळा कोंडवाडा. मी घाबरले. पोरगी हातची जाईल असं वाटलं. तिला कडेवर घेतलं, बाकीच्यांवर दाराची आगळ लावली आणि रानात पळत सुटले.

सगळ्यांचे हात थांबले. खाणीवरची एक म्हातारी म्हणाली, "सवय मोडली की असंच हुतंय. जरा चाटव गया, गप हुईल." आमच्यातल्याही एक-दोघी म्हणाल्या, दे बाई, बघवत न्हाई.

गयाच्या पदराला गाठ होती. तिनं मातीच्या हातांनी ती सोडली. मोहरीपेक्षा थोडी मोठी काळी गोळी तिच्या तळहातावर होती. तळहात सोलवटून लाल झाला होता. तानी माझ्या कडेवर धनुष्यासारखी उलटी होऊन ओरडत होती आणि आईकडं दोन्ही हात पसरत होती. हात पसरत होती. गयानं गोळीकडं बघितलं, मग त्या हातांकडं. शेजारी नुकतंच उपटलेल्या ताटाचं भोक पडलं होतं. गोळी तिनं त्यात टाकली आणि टाचेनं माती लोटली.

मग तिनं तानीला माझ्याकडून घेतलं, पातीतच बसली, आणि पोरीच्या किंकाळ्यांवरून आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रडू द्या तिला. रड माझे माय, रड."